पार्स आणि इराण: एका साम्राज्याची दोन नावे

इ.स.पू. ५५० च्या सुमारास सायरसने मीड लोकांची सत्ता उलथून जे साम्राज्य उभारले, ते पुढे दारियसच्या काळात सिंधूच्या खोऱ्यापासून एजियन समुद्रापर्यंत पसरले. परंतु त्याच्या स्वतःच्या लेखांत या अवाढव्य सत्तेला एक विशेषनाम दिलेले आढळत नाही. नक्श-ए-रुस्तम येथील शिलालेखात दारियस आपल्या ताब्यातील देश एकामागून एक मोजतो आणि ते ‘पार्साबाहेरचे’ आहेत असे सांगतो. देशासाठी तो ‘दह्यु’ हा शब्द वापरतो. संस्कृतातील ‘दस्यु’ हा त्याचाच सख्खा भाऊ. मात्र एका घरी ज्याचा अर्थ देश झाला, त्याचा दुसऱ्या घरी शत्रू आणि लुटारू झाला. पार्स हे नाव तेव्हा नैर्ऋत्य इराणातील एका प्रांताचे, तेथील लोकांचे आणि ग्रीक ज्याला पर्सिपोलिस म्हणत त्या राजनगराचे होते, साऱ्या साम्राज्याचे नव्हते.

साम्राज्याला ते नाव दिले शेजाऱ्यांनी. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील आयोनियन ग्रीकांच्या बोलीत दीर्घ ‘आ’चा ‘ए’ होत असल्यामुळे पार्सचे ‘पेर्साइ’ आणि ‘पेर्सिस’ झाले, त्यावरून लॅटिन ‘पर्सिया’ निघाले आणि युरोपभर तेच रूढ झाले. मूळ विसरले गेल्यावर ग्रीकांनी या नावाला आपल्या पुराणातील वंशावळही जोडली. पर्सियसचा पुत्र पर्सेस हा या लोकांचा मूळपुरुष, अशी कथा हिरोडोटसने नोंदवली आहे. शब्दाची व्युत्पत्ती हरवली की तिची जागा कथा घेते, याचा हा चांगला नमुना आहे.

भागाच्या नावाने संपूर्ण ओळखण्याची ही रीत एकतर्फी मात्र नव्हती. पर्शियनांना प्रथम भेटलेले ग्रीक आयोनियन असल्यामुळे त्यांनी सगळ्याच ग्रीकांना ‘यौन’ म्हटले, आणि भारतातील ‘यवन’ हा शब्दही त्याच आयोनियन नावाशी जोडलेला आहे. सिंधूकाठच्या प्रांताला त्यांनी दिलेल्या ‘हिंदुश’ या नावाचे पुढे काय झाले, हे भारतीय वाचकाला सांगण्याची गरज नाही. परकी नावे बहुधा अशीच घडतात: उंबरठ्यावर जो पहिल्यांदा दिसतो, त्याचेच नाव घरातल्या सर्वांना मिळते.

आतून आलेले नाव वेगळ्या वाटेने वाढले. दारियस स्वतःला पार्सी म्हणवतो आणि त्याच दमात ‘आर्य’ वंशाचाही म्हणवतो. हा शब्द त्याच्या लेखी कुळाचा आणि भाषेचा निदर्शक होता, एकोणिसाव्या शतकातील युरोपीय वंशवाद्यांनी त्यावर लादलेला अर्थ त्यात शोधणे हा इतिहासावर अन्याय होय. या शब्दाला राज्याचे नाव होण्यास मात्र सात शतकांहून अधिक काळ लागला. इ.स. २२४ मध्ये अर्दशीरने सासानी सत्ता स्थापन केल्यानंतर ‘एरान’, म्हणजे आर्यांचे, हे रूप राजबिरुदात आले आणि राज्याला ‘एरानशहर’ म्हटले जाऊ लागले. यातील ‘शहर’ म्हणजे नगर नव्हे, तर राज्य; तो संस्कृत ‘क्षत्र’ या शब्दाचा नातलग असून, मराठीत तो फारसीतून आला तेव्हा त्याचा अर्थ आक्रसून नगरापुरता उरला होता. प्रांताऐवजी लोकसमूहाची ओळख सांगणारे नाव स्वीकारणे, हा या प्रवासातला सर्वांत अर्थपूर्ण टप्पा मानावा लागेल, कारण येथे सत्ता प्रथमच स्वतःला नाव देते.

सातव्या शतकात अरबांनी सासानी राज्य जिंकले. अरबी भाषेत ‘प’ हा ध्वनी नसल्यामुळे पार्सचे फार्स आणि पार्सीचे फारसी झाले, आणि पराभूतांनी आपल्याच भाषेच्या नावाचा हा बदललेला उच्चार स्वीकारला. जुना ‘प’ टिकला तो सीमेपलीकडे. मध्य पर्शियनमधील ‘पार्सीग’ या रूपाशी जुळणारा ‘पारसीक’ हा शब्द संस्कृतात रुळला होता आणि कालिदासाने रघूच्या दिग्विजयात पारसीकांचा उल्लेख केला होता. मराठी दरबारात फारसी पत्रव्यवहार सांभाळणाऱ्याच्या हुद्द्यावरून आलेल्या ‘पारसनीस’ या आडनावातही तो ‘प’ आहे, तर त्या भाषेलाच मराठी माणूस आज ‘फारसी’ म्हणतो.

१९३५ मध्ये रझा शाहच्या सरकारने परराष्ट्रांनी आपल्या देशाला इराण म्हणावे अशी मागणी केली, तेव्हा युरोपात अनेकांना ते नवे नामकरण वाटले. मुंबईत मात्र दोन्ही नावे आधीपासून शेजारी नांदत होती. अरबांच्या विजयानंतर गुजरातच्या किनाऱ्यावर आलेल्या जरथुष्ट्रींचे वंशज पारशी म्हणून ओळखले जात, आणि एकोणिसाव्या शतकापासून यझ्द व केरमान भागांतून आलेले त्यांचेच धर्मबांधव इराणी म्हणून.