चिंचवडगाव : जाणाऱ्यांची वाट

पवना नदीच्या घाटावर, गणेशभक्त संत मोरया गोसावींच्या समाधी मंदिरापाशी, एखादी पायरी निवडा आणि बसा. मागून गाड्यांचे आवाज येतील, येऊ द्या. श्वास मुद्दाम लांबवू नका. तळवे दगडाला टेकले आहेत, तेवढं ध्यानात असू द्या.

पाण्याकडे पाहा. पावसाळ्यात पवना धरणातून विसर्ग वाढला की हेच पाणी पायऱ्या चढून मंदिरात शिरतं आणि ओसरतं. मग गाळ काढायचा, फरशी धुवायची, पुन्हा पूजा मांडायची. ज्यांनी समाधी नदीच्या इतकी लगत बांधली त्यांना पुराची कल्पना नव्हती, असं मला वाटत नाही.

आता मोरया गोसावींची चाल मनात आणा. कऱ्हा नदीकाठच्या मोरगावला, मयूरेश्वर गणपतीला, त्यांची वारी असे. परंपरा सांगते की वय झालं, चालवेना, तेव्हा कऱ्हेत स्नान करताना मयूरेश्वर मूर्तिरूपाने त्यांच्या ओंजळीत आला आणि त्याला घेऊन ते चिंचवडला परतले. देवच घरी आला. खरं तर वारी तिथे थांबायची. थांबली नाही. आजही भाद्रपदात आणि माघात त्याच देवाची, मंगलमूर्तींची, पालखी चिंचवडहून निघते, मोरगावला जाऊन येते. घरात नांदणाऱ्या देवालाही त्याच्या मूळ गावी न्यायचं, भेटवायचं, परत आणायचं. या गावाचा स्वभाव मला इथेच सापडतो. जरा रेंगाळा इथे.

मग उठा आणि सावकाश क्रांतिकारक चापेकर बंधूंच्या वाड्याकडे चला. आता तिथे स्मारक आहे. आत जाण्याआधी दाराशी उभे राहा. दामोदर याच गावी जन्मले. वडील हरिपंत कीर्तनकार, दामोदर, बाळकृष्ण, वासुदेव ही मुलं साथीला. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ पसरली, घरोघरी झडत्या सुरू झाल्या, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदरांनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. १८ एप्रिल १८९८ ला दामोदरपंत फाशी गेले. पुढच्या वर्षी मे महिन्यात ८ तारखेला वासुदेव, १० तारखेला त्यांचे सोबती महादेव रानडे, १२ तारखेला बाळकृष्ण. या तारखा एका दमात वाचू नका. आठ ते बारा. मधल्या दिवसांत, ९ ला आणि ११ ला, घरच्यांनी चूल पेटवली असेल का? तेवढाच प्रश्न धरून थोडा वेळ उभे राहा. पराक्रमाबद्दल आपण पुष्कळ बोलतो, मागे राहिलेल्यांबद्दल फार थोडं.

आता चापेकर चौकात या. शिफ्ट सुटण्याची वेळ असेल तर उत्तमच. कंपन्यांच्या बसमधून उतरणाऱ्यांत सोलापूरचे, लातूरचे, बीडचे, जळगावचे लोक आहेत. कोणी भोसरीतून, कोणी चाकणहून आलेलं. खांद्यावर डब्याची पिशवी. दिवाळीला हेच लोक एसटीसाठी रांगेत उभे असतात, मूळ गावी जाऊन येण्यासाठी. पालखीचीच रीत ही, मला ती तेवढीच पवित्र वाटते.

त्या गर्दीत उभं राहून आता आपल्या घराकडे वळा. या शहरात, किंवा तुम्ही जिथे राहता तिथे, तुमच्यातलं पहिलं कोण आलं? कुठल्या साली, कुणाच्या ओळखीवर? आणि गावाकडच्या घरी कोण राहिलं? उत्तर ठाऊक नसेल तर घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला आज संध्याकाळीच फोन करा.