राहू द्या, मी उचलते

जुहूच्या वाळूवर सकाळी साडेसहाला फिरायला येणाऱ्यांत साठी ओलांडलेलेच जास्त. पायांत बूट, डोक्याला टोपी, एखाद्याच्या हातात काठी, आणि मनात पक्की श्रद्धा, की कोवळ्या उन्हातलं ‘डी’ जीवनसत्त्व अंगात मुरतंय. पण इथे समुद्र पश्चिमेला. सूर्य उगवतो तो हॉटेलांच्या आणि इमारतींच्या पाठीमागून, त्यामुळे त्या वेळी बरीचशी वाळू सावलीतच असते. ऊन आलं तरी तिरपं, आणि त्वचेत ‘डी’ तयार करणारे अतिनील किरण तिरप्या उन्हात वाटेतच शोषले जातात. ढोबळ हिशेब असा : आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल, तर ते ऊन या कामाचं नाही. मुंबईत सावली एवढी आखूड व्हायला मे महिन्यात सव्वानऊ-साडेनऊ वाजतात, डिसेंबरात जवळजवळ साडेअकरा. तेव्हा ही मंडळी घरात पडदे ओढून पंख्याखाली बसलेली असतात. बंद खिडकीतून येणाऱ्या उन्हाचाही उपयोग नाही. काच नेमके तेच किरण अडवते.

फिरू नये असं मुळीच नाही. फिरण्याने हृदय सुधारतं, झोप लागते, चार माणसं भेटतात. एकटेपणाने पोखरलेल्या म्हातारपणात हे शेवटचं सगळ्यात मोठं. फक्त ‘डी’ ज्यांच्यासाठी हवं, त्या हाडांचा हिशेब वेगळा आहे, आणि तो शंभर वर्षांपूर्वी आपल्याच नाशिकला कुणीतरी मांडून ठेवला आहे.

१९२२ साली हचिसन आणि शहा या दोघांचा मुडदुसावरचा, म्हणजे हाडं मऊ पडून वाकण्याच्या आजारावरचा, निबंध प्रसिद्ध झाला. त्यातली पाहणी नाशिकची. गरीब शेतकरी-मजुरांचं खाणं निकृष्ट, रोज तेच ते धान्य. तरी दिवसभर उन्हात राबणाऱ्या या लोकांत मुडदूस दिसेना. तो दिसला खात्यापित्या घरांत, जिथल्या मुली-बायका गोषात होत्या. त्यांच्या ताटात कमी काहीच नव्हतं. ऊन मात्र त्यांना वर्ज्य होतं, कारण उन्हात जावं न लागणं हेच त्या घरांच्या प्रतिष्ठेचं लक्षण होतं.

मला हा निबंध जुहूबद्दलचा वाटतो. गोषा गेला, पण प्रतिष्ठेची व्याख्या तीच राहिली : सावली, आराम, हाताला ओझं नाही. सासूबाई इर्ल्याच्या बाजारातून भाजीची पिशवी घेऊन आल्या की सून दारातच म्हणते, “आई, राहू द्या हो, मी उचलते.” मुलगा म्हणतो, “तू बस गं, पडशील.” दोघांच्या मनात मायाच असते. हाड मात्र मायेने टिकत नाही. जसा भार पडेल तशी हाडाची घडण बदलते, हे युलिउस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२ मध्येच मांडलं होतं. अंतराळात वजनच नसतं, तिथे धडधाकट अंतराळवीरांच्या कमरेचं हाड महिन्याला एक ते दीड टक्का झिजतं.

उलट बाजूचा पुरावाही आहे. ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठात पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या १०१ स्त्रियांवर एक प्रयोग झाला. सरासरी वय पासष्ट. अर्ध्याजणींनी आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, जाणकाराच्या देखरेखीखाली चांगलं जड वजन उचललं. आठ महिन्यांनी त्यांच्या कण्याची आणि खुब्याची घनता वाढलेली निघाली. २०१८ साली हे छापून आलं. आपल्याकडे एखाद्या आजीने वजनाची दांडी हातात घेतली, तर घरचे आधी डॉक्टरांना फोन करतील.

इथे घसरायला जागा आहे, म्हणून सांगतो. कष्ट केले की हाडं मजबूत, असं सरळ गणित नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने गरीब वस्तीतल्या बायकांची हाडं तपासली, तेव्हा पन्नाशीच्या आतच ती विरळ झालेली आढळली. ओझं भरपूर, पण दूध, प्रथिनं, कॅल्शियम नाही. भार हवा आणि पोटातही काही हवं. कोकणी-कोळी स्वयंपाकात ते होतंच : काट्यासकट खायची बारीक मासळी, नाचणीची भाकरी. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं.

आपण मात्र हा सगळा प्रश्न एका गोळीत बसवला. रक्तात ‘डी’ कमी आहे, हे आता कुणालाच नवल नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या तरण्याताठ्या निवासी डॉक्टरांपैकीही बहुतेकांत ते कमीच निघालं होतं. मग साठ हजार युनिटची गोळी, आठवड्याला एक. ज्याच्यात खरोखर उणीव आहे त्याला ती द्यायलाच हवी. पण अमेरिकेत पंचवीस हजारांवर निरोगी प्रौढांपैकी निम्म्यांना पाच वर्षं रोज ‘डी’ देऊन पाहिलं, तरी हाडं मोडण्याचं प्रमाण घटलं नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदाच पाच लाख युनिट दिले, तर त्या जास्त पडल्या आणि जास्त हाडं मोडून घेतली.

पडल्या, हा शब्द महत्त्वाचा. विरळ झालेलं खुब्याचं हाड सहसा पडल्यावरच मोडतं. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीच्या रिपोर्टात उणे अडीचच्या खाली गेलेली आजी पडली नाही, तर तो आकडा बहुधा फाइलीतच राहतो. तोल आणि पायांची ताकद वाढवणाऱ्या व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटतं. १०८ चाचण्या एकत्र पाहून २०१९ मध्ये काढलेला हा निष्कर्ष आहे. खुर्चीवरून हात न टेकता उठणं, ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं, एवढ्यापासून सुरुवात होते. याला ना गोळी लागते ना जिमची फी.

राहिलं घर. न्हाणीघरात गुळगुळीत टाइल, वर साबणाचं पाणी, आणि भिंतीला धरायला काही नाही, कारण भोक पाडलं तर टाइल फुटेल. सोसायटीच्या सभेत लॉबीला संगमरवर बसवायचा ठराव बिनविरोध मंजूर होतो. जिन्याला दुसऱ्या बाजूने कठडा लावायची सूचना येते ती आयत्या वेळच्या विषयांत, आणि तोवर निम्मे सभासद चहा घेऊन निघून गेलेले असतात.