दुसऱ्याचे कार्ड

दुसऱ्याचे पत्र वाचू नये, असे मी वर्गात मुलांना सांगतो. मग जुनी सचित्र कार्डे जमवणाऱ्याने काय करावे? पोस्टकार्ड मुळातच उघडे. १८७९ साली पाव आण्याचे कार्ड आपल्याकडे आले, तेव्हापासून पोस्टमनने ते दारात वाचून दाखवावे आणि शेजारणीने ओट्यावरून ऐकावे, असाच त्याचा संसार. तेव्हा नुसत्या वाचण्यात मला पाप दिसत नाही. ते असलेच, तर वाचून झाल्यावर सुरू होते.

माझ्यापाशी बिबी-का-मकबऱ्याचे एक कार्ड आहे. शहागंजात रद्दीत मिळालेले. जाणकार चित्राकडे बघतही नाहीत, कार्ड उलटे करतात. (मग चित्राचे पैसे का मोजता, असे आमच्या घरात विचारले जाते.) तिकीट पंचम जॉर्जचे. आमचे औरंगाबाद, म्हणजे २०२३ पासूनचे छत्रपती संभाजीनगर, तेव्हा निजामाच्या राज्यात. निजामाचे टपाल निराळे, तिकिटे निराळी. १९३१ च्या मालेत अजिंठ्याच्या लेण्यांचे प्रवेशद्वार आठ आण्यांच्या तिकिटावर आणि दौलताबादचा चांद मिनार रुपयाच्या तिकिटावर होता. पण ही तिकिटे राज्याच्या हद्दीतच चालत. बाहेर पत्र धाडायचे तर इंग्रजी टपाल. १९५० साली निजामाचे टपाल भारतीय टपालात मिसळेपर्यंत असेच चालले. म्हणून तिकिटावरचा राजा पाहूनच कळते, की कार्ड हद्द ओलांडणार होते. पत्ता पुण्याचा. इथवर शाई बोलते.

मजकूर एवढाच, की सुखरूप पोचलो, काळजी नसावी. निघाल्याच्या आणि पोचल्याच्या शिक्क्यांत नऊ दिवसांचे अंतर. माझ्या एका संग्राहक मित्राने ते पाहताच निकाल दिला : मुलगा बेफिकीर, आई नऊ दिवस दाराशी! त्याला हे कार्ड खाली तशी चिठ्ठी लावून प्रदर्शनात मांडायचे होते.

आता आई होती, हे कोणी सांगितले? पत्त्यावर नाव पुरुषाचे. आणि ते नऊ दिवस टपालाचे, लिहिणाऱ्याचे नव्हेत. नदीला पूर आला असेल, कार्ड भलत्याच थैलीत पडले असेल, शिक्क्यातली तारीखच चुकीची बसवली असेल. मित्र म्हणाला, "मेलेल्या माणसाला कसली आलीय अब्रू?" पण जिवंत माणूस निदान उलट उत्तर देतो. याच्या बाजूने बोलायला दोन शिक्क्यांखेरीज कोणीच नाही. गोष्टी रचणे हा माझाही धंदा आहे. पण माझ्या पात्रांना मी खऱ्या माणसाचा पत्ता देत नाही.

कार्ड मी दिले, चिठ्ठी मात्र स्वतः लिहिली : दोन गावे, दोन तारखा, तिकिटाची किंमत. मित्र रुसला आहे. असल्या चिठ्ठ्या कोणी वाचत नाही, असे त्याचे म्हणणे.