ताटातील वजाबाकी

पाहुण्याच्या पानातून त्याच्या नकळत काही काढून घेण्याचा अधिकार यजमानाला आहे काय? प्रश्न असा मांडला म्हणजे उत्तर चटकन येते : नाही. आमंत्रण देऊन बोलवायचे आणि वाढताना हात आखडता घ्यायचा, याला आपल्या भाषेत एकही चांगला शब्द नाही. पण काढून घ्यायची ती वस्तू तेल किंवा लोणी असेल, आणि काढणाऱ्याच्या मनात कंजूषपणाऐवजी काळजी असेल, तर? हा प्रश्न मला नीतिशास्त्राच्या पुस्तकात भेटला नाही. तो भेटला न्यू जर्सीला, माझ्या मुलीच्या स्वयंपाकघरात. आणि तोही एका खेळाच्या निमित्ताने.

अमेरिकेत हल्ली फेब्रुवारीतल्या एका रविवारी त्यांच्या फुटबॉलचा अंतिम सामना होतो. त्याला 'सुपर बोल' म्हणतात. पहिला १५ जानेवारी १९६७ रोजी लॉस एंजेलिसला झाला. त्या खेळात पायाचा चेंडूशी संबंध बेताचाच. त्या दिवसाचा पोटाशी संबंध मात्र फार घट्ट. घरोघर मित्रमंडळी टेलिव्हिजनसमोर जमतात. पंगत नाही, वाढपी नाही, आग्रह नाही. मेजावर पदार्थ मांडलेले असतात आणि सामना संपेपर्यंत येता-जाता हात चालू राहतो. पदार्थही ठरलेले : कोंबडीचे तळलेले पंख, म्हणजे 'बफेलो विंग्ज', वितळलेल्या चीजखाली दडपलेले मक्याचे नाचोज, आणि सावर क्रीम व मेयॉनेज यांची दाट डिप्स. मेयॉनेज या नावाने विकायच्या पदार्थात वजनाने किमान ६५ टक्के तेल असलेच पाहिजे, असा तिथला नियम आहे. तेव्हा गाजराची कांडी त्यात बुडवून खाणारा माणूस भाजी खातो की तेल, हे ज्याचे त्याने ठरवावे.

माझी मुलगी हे सारे पदार्थ करते, पण निराळ्या रीतीने. पंख ती तळत नाही. आदल्या रात्री पुसून कोरडे करते, मीठ आणि चिमूटभर बेकिंग पावडर चोळून जाळीवर उघडेच फ्रिजमध्ये ठेवते, आणि दुसऱ्या दिवशी चांगल्या तापलेल्या ओव्हनमध्ये भाजते. पंखाच्या कातडीत स्वतःचीच चरबी पुष्कळ असते. ती वितळून खालच्या ताटलीत ठिबकते, आणि त्या पावडरीतल्या क्षारामुळे कातडी लवकर तांबूस आणि कुरकुरीत होते. बाहेरून तेलाचा थेंब लागत नाही. सावर क्रीमच्या जागी ती चक्का घालते. आपल्या श्रीखंडाचाच तो चक्का. तिकडे 'ग्रीक योगर्ट' असे परके नाव धारण करून डब्यात बसतो. बिनसाईचा चक्का उकळत्या रसात फाटतो, म्हणून गरम पदार्थात तो भांडे खाली उतरवल्यावर, अगदी शेवटी. एकूण तळणीपेक्षा यात कष्ट जास्त. आळसापोटी कोणी हे करणार नाही.

ती करते ते जावयांसाठी. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट घालावा लागला. त्यानंतरच्या पहिल्या सामन्याला तिने त्यांची थाळी वेगळी केली : उकडलेल्या भाज्या आणि कसलेसे कोरडे बिस्कीट. येणारा प्रत्येक पाहुणा आधी त्या थाळीकडे पाही, मग त्यांच्याकडे, आणि आवाज उतरवून तब्येत विचारी. आपल्याच घरात, आपणच बोलावलेल्या माणसांत, ते रोगी होऊन बसले. वेगळ्या पानाचा अर्थ आपल्याला अमेरिकेने शिकवायला नको. आपल्या घरांतून कित्येकांना ते वाढले गेले आहे, आणि ज्यांना वाढले ते विसरलेले नाहीत.

पुढच्या वर्षी तिने वेगळी थाळी बंद केली आणि सगळे मेजच हलके केले. आणि कोणालाही सांगितले नाही. मी विचारले, "अगं, लोकांना सांगत का नाहीस?"

"आई, सांगितलं की त्यांना चव लागत नाही. आणि मग 'का गं?' म्हणून विचारतात. त्याचं दुखणं मी मेजावर मांडून ठेवू का?"

ही दोन उत्तरे आहेत, आणि त्यांची किंमत सारखी नाही. न कळल्यामुळेच गोड लागते, हा युक्तिवाद भेसळ करणाराही करील. आपल्याकडे वनस्पती तुपात किमान ५ टक्के तिळाचे तेल घालणे कायद्याने सक्तीचे केले होते. का? तर ते साजूक तुपात मिसळले तर रासायनिक परीक्षेत लाल रंग यावा आणि चोरी पकडली जावी. नकलेने आपल्याविरुद्धचा पुरावा स्वतःच्या पोटात बाळगावा, अशी ती योजना. मला ती फार आवडते. तेव्हा मुलीच्या चक्क्यातही असे काही तिळाचे तेल असायला नको काय?

कोणी म्हणेल, यात तिचा फायदा काय? फायदा नसला म्हणजे फसवणूक शुद्ध होते, असे मी मानत नाही. 'तुझ्याच भल्यासाठी' म्हणून जगात जितके लपवले गेले, तितके लोभापोटीही गेले नसेल. पण तिने मोडलेले वचन कोणते, हे शोधू गेले तर सापडत नाही. 'विंग्ज' या शब्दाने तेलाचे वचन दिलेले नाही. तो पदार्थ तरी कुठे पुरातन आहे? १९६४ साली बफेलो शहरातल्या अँकर बारमध्ये टेरेसा बेलिसिमो यांनी, एरवी रस्सा उकळण्यापुरतेच कामाला येणारे पंख तळून झणझणीत सॉसमध्ये घोळले, अशी त्याची जन्मकथा सांगतात. म्हणजे मूळचीच ती एक सोय. पाहुण्याचा हक्क चांगल्या अन्नावर आहे; त्यात किती चरबी असावी यावर नाही. उलट जावयांच्या दुखण्यावर हक्क फक्त त्यांचा, आणि ते मेजावर मांडायचे की नाही हे त्यांनी ठरवायचे. दुसऱ्या उत्तरापुढे म्हणून मी गप्प बसते.

गप्प बसते, पण एका अटीवर. स्वयंपाकात नुसती वजाबाकी क्वचितच होते. काढलेल्याच्या जागी काहीतरी भरावे लागते. एका वर्षी तिने नाचोजवरचे चीज काढले आणि भिजवलेले काजू वाटून तसाच पिवळा, तसाच दाट रस केला. ज्याचा घसा काजूने सुजतो, त्याने नाचोजमध्ये काजू असतील असा संशय तरी का घ्यावा? चरबी कमी करायला निघालेल्या पाकीटबंद पदार्थांत चवीसाठी साखर चढते, तेव्हा मधुमेही माणसाचेही हेच होते. काढले ते यजमानाच्या मनात राहिले तर चालेल. घातले ते सांगितलेच पाहिजे. तिनेही त्या वाडग्याला चिठ्ठी लावली होती : 'यात काजू आहेत.' का आहेत, ते लिहिले नव्हते.

एवढ्यावर मी समाधान मानले असते. पण त्या दिवशी पाहुण्यांत एक विद्यार्थी होता. दोन बसगाड्या बदलून आला होता आणि त्याने सकाळपासून काही खाल्लेले दिसत नव्हते. बाकीचे गप्पांत रंगले. हा पुनःपुन्हा उठून मेजाशी जाई आणि थोडेसे घेऊन परत येई. भरल्या घरचे लोक ज्याला हलके म्हणतात, ते उपाशी माणसाला अपुरे असते. पूर्वी वरणभातावर तुपाची धार धरायची ती दिमाखासाठी नव्हे. तेवढ्याने एखाद्याची संध्याकाळ निभावत असे. स्टेंट घातलेला यजमान आणि हा पोरगा एकाच मेजाशी उभे होते, आणि एकाला जे हितकर ते दुसऱ्याला कमी पडत होते.

मी मुलीला तसे सांगितले. ती आता राजम्याची 'चिली' करून मोठे पातेले शेगडीवर ठेवते, शेजारी भात असतो, आणि कोण किती वेळा घेतो हे स्वयंपाकघरात असल्यामुळे बाहेरच्यांना दिसत नाही. पातेल्यात तेल किती घालते ते मी विचारलेले नाही.