देणे आणि सांगणे

एखाद्याने आपली विहीर गावाला मोकळी केली. पण तिच्याकडे जाणारी वाट काट्यांनी बुजलेली, आणि पोहरा कोठे ठेवला आहे हे त्याचे त्यालाच ठाऊक. अशा माणसाने गावाला पाणी दिले असे म्हणावे की नाही? प्रश्न जुनाच आहे. परंतु आपल्या काळात तो अगदी नव्या ठिकाणी, संगणकाच्या जगात, मोठ्या निकडीने उभा राहिला आहे.

या जगात एक जमात अशी आहे की जी आपल्या श्रमाचे फळ फुकट वाटते. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लोकांपुढे ठेवला. १९९८ मध्ये या रीतीला 'ओपन सोर्स' हे नाव पडले. प्रोग्राम कसा लिहिला आहे तो कोणीही पाहावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा, असा तिचा साधा नियम. तुमच्या खिशात अँड्रॉइडचा फोन असेल, तर तोही लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो आहे.

औदार्य खरेच मोठे. पण त्या गाभ्याच्या ओळी आज दोन कोटींहून अधिक आहेत. त्या उघड्या आहेत म्हणजे कळल्या असे नव्हे. त्यासाठी कोणीतरी बसून सांगावे लागते: येथून आत या, ही खोली अमुक कामाची, या पायरीवर जपून. या सांगण्याला तिकडे डॉक्युमेंटेशन म्हणतात, आणि बहुतेक मोठ्या प्रकल्पांची त्यासाठी स्वतंत्र संकेतस्थळे असतात. गिटहबने २०१७ मध्ये या मंडळींची पाहणी केली, तेव्हा शंभरातल्या ९३ जणांनी अपुऱ्या किंवा शिळ्या माहितीची तक्रार केली. आणि हातभार लावणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांनी, आपण असे लेखन क्वचितच करतो किंवा कधीच करत नाही, असेही सांगितले. तहान सर्वांना, विहिरीची वाट झाडायला मात्र कोणी नाही!

यावर एक उत्तर तयार असते. ज्याने फुकट दिले त्याच्यावर आणखी कसले ऋण? धर्माची गाय घ्यायची आणि दात का नाहीत म्हणून विचारायचे, हा कोठला न्याय? हे उत्तर मला निरुत्तर करते, पण माझे समाधान करत नाही. दात्याकडून हक्काने काही मागता येत नाही, हे कबूल. तथापि 'सर्वांसाठी खुले' ही पाटी त्यानेच लावली आहे. ज्याला आधीच कळते त्यालाच जर आत जाता येत असेल, तर ती पाटी 'आमच्यासारख्यांसाठी खुले' अशी असायला हवी. ज्ञान कुलपात ठेवायला कुलूपच लागते असे नाही. न समजावणे हेही पुरते.

आता सांगायचे म्हणजे नेमके काय करायचे? येथे दिवाळीच्या दिवसांत डोळ्यांपुढे येतात ते अनारसे. पहिल्यांदाच अनारसे करायला बसलेल्या सुनेला हात धरून, एकेक पायरी दाखवत नेणारे माणूस हवे असते. जिचे अनारसे तुपात हसू लागले आहेत, तिला फक्त त्या घटकेचा उपाय हवा. तिच्यापुढे पहिल्या धड्याचे पारायण नको. मुरलेल्या गृहिणीला केवळ तांदळाला गूळ किती, एवढे माप पुरते. आणि तांदूळ तीन दिवस भिजत का घालायचे, असे विचारणारी एखादी चौकस पुतणी घरात असतेच. डॅनिएले प्रोचिदा यांनी डॉक्युमेंटेशनचे नेमके हेच चार प्रकार सांगितले आहेत: धडा, उपाय, नोंद आणि विवेचन. चारही एकाच पानावर कालवले की कोणाचीच भूक भागत नाही. वरवर पाहता ही मांडणीची बाब दिसते. मला ती नीतीची वाटते. कारण समोरचा माणूस कोण आहे आणि त्याला आत्ता काय हवे आहे, याचा विचार केल्याखेरीज ही वर्गवारी करताच येत नाही.

आपल्याकडच्या सुगरणींचे 'अंदाजाने घाल' हे शास्त्र सर्वश्रुत आहे. त्या काही लपवत नसत. हाताला जे कळते ते त्यांना शब्दांत सांगता येत नसे. १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने तो अंदाज वाटी-चमच्याच्या मापात आणला, म्हणून ते पुस्तक घरोघर पोचले. प्रोग्राम लिहिणाऱ्याचेही सुगरणीसारखेच होते. अज्ञानात असताना आपण कोठे अडखळत होतो, हे तो विसरून गेलेला असतो. ते आठवते कोणाला? जो कालच अडखळला त्याला. आपल्याकडे ऋषिऋण ज्ञानाच्या देणाऱ्याला परत करत नाहीत. ते पुढच्याला शिकवून फेडायचे असते. त्या हिशेबाने ही वाट झाडण्याचे काम विहीर खणणाऱ्यापेक्षा पहिली घागर भरून परतणाऱ्याचे अधिक आहे. अशा संकेतस्थळांवर पुष्कळदा प्रत्येक पानाशी 'हे पान सुधारा' अशी सोय ठेवलेली असते, ती उगीच नव्हे.

शिळेपणाचा प्रश्न याहून कठीण आहे. लिहिले त्या दिवशी खरे असलेले वाक्य प्रोग्राम बदलताच खोटे होते, आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. त्याला खोटारडा म्हणता येत नाही. फसणारा मात्र पुरता फसतो. या बाबतीत युनिक्सच्या जुन्या मंडळींचा मला आदर वाटतो. त्यांची पहिली पुस्तिका नोव्हेंबर १९७१ ची. तीत अनेक आज्ञांच्या माहितीखाली 'बग्ज' असे एक कलम आहे. आमच्या या कामात अमुक दोष आहे, असे कर्त्यांनीच तेथे लिहून ठेवले. आपल्या वस्तूच्या वेष्टनावर तिची खोड छापणारा दुकानदार तुम्ही पाहिला आहे काय?

आणि या श्रमाचे मोल? प्रोग्राम लिहिणाऱ्याचे नाव होते. समजावणारा टीकाकार समासातच राहतो. मोझिला या संस्थेने २००५ पासून वेबविषयीची माहिती एका ठिकाणी उभी केली. ती इतकी भरवशाची ठरली, की २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या स्वतःच्या पानांवरून वाचकांना तिकडे पाठवायचे ठरवले. ऑगस्ट २०२० मध्ये मोझिलाने सुमारे २५० माणसे कमी केली, आणि त्यांत ही पाने लिहिणारेही कितीतरी होते. जगभरचे प्रोग्रामर रोज जेथून पाणी भरत, तेथला रहाट ओढणारेच घरी गेले. जानेवारी २०२१ मध्ये 'ओपन वेब डॉक्स' नावाची व्यवस्था उभी राहिली. कंपन्यांनी आणि व्यक्तींनी दिलेल्या देणग्यांतून ती लेखकांना वेतन देते. वेतन न घेता, वाचता वाचता एखादी चूक दिसली म्हणून ती दुरुस्त करून जाणारेही तेथे येतच असतात.