सात्त्विक आहाराचा बाजारभाव

महिन्याच्या उत्तरार्धात मिळकतीची शिल्लक आणि वाण्याची उधारी यांचा मेळ बसेनासा झाला म्हणजे, शास्त्राविषयी थोडाफार आदर बाळगणाऱ्या गृहस्थाच्या मनात एक शंका हटकून डोकावते: आहाराच्या शुद्धीवर चित्ताची शुद्धी अवलंबून आहे असे उपनिषद सांगते, आणि शुद्ध आहार म्हणून लोक ज्यांची नावे घेतात ते दूध, साजूक तूप, बदाम, फळफळावळ हे सारे जिन्नस तर आपल्या ऐपतीपलीकडचे, तेव्हा सत्त्वगुण हादेखील धनवंतांनाच सनदेने मिळालेला वतनी हक्क आहे की काय? ही शंका वरकरणी थट्टेची वाटली तरी ती थट्टेवारी नेता येत नाही. कारण जो दरिद्री माणसाला पाळताच येत नाही तो धर्म या नावास पात्र आहे काय, हा प्रश्न तिच्या पोटात दडलेला आहे.

गीतेच्या सतराव्या अध्यायातील आहारविषयक श्लोक या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहेत. त्यांत एकाही धान्याचे, भाजीचे वा दुभत्याचे नाव नाही. आयुष्य, बल, आरोग्य आणि मनाची प्रसन्नता वाढवणारे, रसयुक्त, स्निग्ध व अंगी टिकून राहणारे अन्न ते सात्त्विक, एवढीच कसोटी तेथे दिली आहे. भावाचा उल्लेख कोठेही नाही. यादी केली ती पुढे रूढीने, आणि ती करताना पोषणाचा विचार तिने फारसा केलेला दिसत नाही. एकादशीचेच पाहा. उपवासाचा साबुदाणा हा दक्षिण अमेरिकेतून आलेल्या एका कंदाचा सत्त्वांश. त्यात पिष्टाखेरीज जवळजवळ काही नाही. त्याच्या खिचडीत पडणारे बटाटा, शेंगदाणा आणि हिरवी मिरची हेही मूळचे त्याच गोलार्धातले पाहुणे; पण ते उपवासाला चालतात आणि आपल्या शिवारातली ज्वारी चालत नाही! 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण पोटाला उद्देशून आहे खरी, परंतु त्या दिवशीच्या जमाखर्चाकडे पाहिले तर ती खर्चालाही तितकीच लागू पडते.

रूढीची यादी बाजूला ठेवून गुणांची कसोटी हाती घेतली, म्हणजे बाजाराचे चित्र पालटते. धान्यात जे प्रथिनांश उणे असतात ते कडधान्यात विपुल असतात, आणि कडधान्यात जे उणे ते धान्यात. म्हणून भाकरी आणि पिठले, किंवा तांदूळ आणि मूग, ही जोडी शरीराच्या दृष्टीने परिपूर्ण ठरते. मटकीला मोड आणून तिच्यावर लिंबू पिळले की तिच्यातले लोह अधिक अंगी लागते. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, म्हणजे तितक्याच गाईच्या दुधातल्याच्या दुपटीहून जास्त. ते सगळेच शरीरात मुरत नाही हे खरे, पण मोड आणून दळलेल्या नाचणीतून अधिक मुरते. शेवग्याचा पाला तर कुंपणावर फुकट वाढत असतो. १९३४ साली वर्ध्यास स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ आणि गूळ यांचा पुरस्कार केला तो याच विचाराने. स्वस्त आणि सकस यांचे वैर नाही, हे त्या मंडळींनी पुरते ओळखले होते. पुढे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ किलोमागे ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया असा दर ठरवला, म्हणजे सरकारदरबारी भरडधान्याची प्रतिष्ठा सर्वांत खालची. आणि दहा वर्षांनी, जगभर भरडधान्य वर्ष साजरे होत असताना, तीच नाचणी रंगीत पाकिटांत बसून गव्हाच्या पिठाहून कितीतरी चढ्या भावाने विकली जात होती. श्रीमंतांच्या यादीत नाव दाखल झाल्याचा हा परिणाम.

तथापि हा झाला आहारशास्त्राचा हिशेब. धर्माचा हिशेब याहून सूक्ष्म आहे, आणि त्याचे उत्तम उदाहरण छांदोग्य उपनिषदातील उषस्ती चाक्रायणाच्या कथेत आहे. कुरुदेशातील पिके बुडाली तेव्हा हा विद्वान ब्राह्मण पत्नीसह हत्ती बाळगणाऱ्या एका माणसाच्या गावी दैन्यावस्थेत येऊन राहिला. तो माणूस हलक्या प्रतीचे उडीद खात बसला होता. उषस्तीने तेच मागितले. पुढ्यातल्यांखेरीज दुसरे नाहीत, असे तो म्हणताच, यांतलेच दे, म्हणून उषस्तीने ते घेतले. मात्र त्याने पाणी पुढे केले तेव्हा, तुझे उष्टे पाणी मी पिणार नाही, असे उषस्तीने सांगितले. मग उडीद उष्टे नव्हते काय? यावर त्याचे उत्तर असे, की ते खाल्ले नसते तर मी जगलो नसतो. पाणी मला हवे तेथे मिळते. उरलेले उडीद पत्नीने जपून ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते शिळे, उष्टे अन्न खाऊन उषस्ती राजाच्या यज्ञात गेला व तेथल्या ऋत्विजांना त्यांच्या सामाच्या देवता विचारून त्याने निरुत्तर केले. त्याने स्वतः ज्या देवता सांगितल्या, त्यांतली शेवटची अन्न ही होती.

पुष्कळ लोक या कथेकडे आपद्धर्माची मुभा म्हणून पाहतात आणि उडदांपाशीच थांबतात. मला तिचे मर्म पाण्यात वाटते. जेथे गरज आहे तेथे विधिनिषेध नाही. जेथे निवडीला इंचभरही जागा आहे तेथे तो लगेच लागू होतो, आणि ती जागा नेमकी कोठे सुरू होते हे भुकेने व्याकुळ झालेल्या माणसालाही कळू शकते. आजच्या शिधापत्रिकाधारकाचे उडीद म्हणजे कायद्याने मिळणारे माणशी दरमहा ५ किलो धान्य, जे २०२३ पासून मोफत झाले आहे. ते कोणत्या प्रतीचे, हे विचारण्याची सोय त्याला नाही. डाळ, तेल आणि भाजी यांची तजवीज मात्र त्या कायद्याने केलेली नाही. तेव्हा त्याची निवड सुरू होते ती या थोड्याशा रुपयांत: मुलाच्या हातात बिस्किटाचा पुडा द्यावा की फुटाणे-गूळ द्यावा, एवढ्याच मर्यादेत. ज्याच्यापाशी हे रुपयेही नाहीत त्याला आहारशुद्धीचा उपदेश करणाऱ्याने आधी आपली शिदोरी सोडावी.

आणखी एक गोष्ट या विचारात सहसा धरली जात नाही. स्वस्त मिळालेल्या जुडीची किंमत दुसऱ्याने भरलेली असू शकते. संध्याकाळी, दिवे लागल्यावर, उरलेला माठ-चाकवत परत न्यावा लागू नये म्हणून भाजीवाली आपण होऊन वाटे मोठे करते. त्या वेळी पिशवी घेऊन जाणाऱ्या गृहिणीची काटकसर मला सर्वस्वी निर्दोष वाटते, कारण त्यात दोघींचीही सोय आहे. पण सकाळी बोहनी व्हायची आहे, टोपली भरलेली आहे, आणि पहिले गिऱ्हाईक परत धाडण्याची तिची हिंमत होणार नाही, हे हेरून जो भाव पाडला जातो, त्या भावाने घरी आलेली भाजी कितीही ताजी असली तरी तिला सात्त्विक म्हणण्यास मला आधार सापडत नाही.