शंकेचा रकाना

साडेअडतीस गोळ्या. एकाच औषधाच्या, एका वेळेच्या, एका मुलासाठी. आपल्याकडच्या एखाद्या आजीच्या तळहातावर हा ढीग ठेवला असता तर तिने आधी चष्मा शोधला असता आणि मग डॉक्टरांचा नंबर. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयात २०१३ साली एका सोळा वर्षांच्या मुलाने मात्र त्या गिळल्या.

औषध साधेच होते, संसर्ग होऊ नये म्हणून रोज दोनदा एकेक घ्यायचे. मुलाचे वजन ३८.६ किलो. वजन ४० किलोच्या आत असेल तर मात्रा किलोच्या हिशेबाने लिहायची, असा तिथला नियम. हिशेबाने आलेला आकडा आणि मिळणारी गोळी यांत थोडा फरक पडत होता, म्हणून फार्मसिस्टने डॉक्टरला निरोप धाडला की गोळीच्या मापात लिहा. डॉक्टरने '१६०' टंकले. मनात होते मिलिग्रॅम, पडद्यावरच्या रकान्यात होते 'दर किलोला मिलिग्रॅम'. १६० गुणिले ३८.६ म्हणजे सहा हजारांच्या वर. १६० मिलिग्रॅमच्या गोळीने भागा, साडेअडतीस येतात. संगणकाचा गुणाकार अगदी बरोबर होता.

त्याने इशाराही दिला होता. आधी डॉक्टरला, मग फार्मसिस्टला. दोघांनीही तो बाजूला सारला. यंत्रमानवाने गोळ्या न चुकता मोजून पाकिटांत भरल्या. वॉर्डातल्या नर्सला आकडा खटकला, पण तिने बारकोड वाचून घेतला आणि यंत्र म्हणाले, मात्रा योग्य आहे. मुलाला पुढे जोराचा झटका आला. तो वाचला. त्याच रुग्णालयातले डॉक्टर रॉबर्ट वॉक्टर यांनी ही हकीकत 'द डिजिटल डॉक्टर' या २०१५ च्या पुस्तकात बारकाईने सांगितली आहे.

मला या हकीकतीत चुकीपेक्षा तिच्या वाटेवरच्या चौक्यांचे नवल वाटते. वजनाचा नियम, इशारा, फार्मसिस्टची तपासणी, यंत्रमानव, बारकोड, यातली प्रत्येक चौकी कुणीतरी, कधीतरी, आधीच्या एखाद्या चुकीनंतर बसवलेली. चूक त्या सगळ्यांतून शिक्के मारून घेत पुढे गेली. एवढ्या चौक्या आल्या कुठून, आणि त्या उभारताना नेमके काय निसटले?

इस्पितळामुळेच माणूस मरू शकतो ही गोष्ट आकड्यांत मांडली ती फ्लॉरेन्स नाइटिंगेलने. क्रिमियाच्या युद्धात शत्रूपेक्षा रोगाने जास्त सैनिक मेले हे तिने १८५८ साली आकृत्या काढून सरकारपुढे ठेवले. पण ती मोजत होती मृत्यू, चुका नव्हे. चुका मोजायला निघालेला माणूस बॉस्टनचा शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन. त्याचे म्हणणे इतके साधे होते की त्यावर भांडण होईल असे वाटूच नये: प्रत्येक रोग्याचे एक कार्ड ठेवा, वर्षभराने त्याला पुन्हा गाठा, बरा झाला का ते लिहा, आणि झाला नसेल तर का नाही तेही लिहा. मोठ्या रुग्णालयाने ऐकले नाही, तेव्हा त्याने १९११ मध्ये स्वतःचे छोटे रुग्णालय काढले. पाच वर्षांत ३३७ रोगी घरी गेले आणि कॉडमनने स्वतःच्या हाताने १२३ चुका नोंदवून त्या छापल्या. १९१५ च्या एका सभेत त्याने व्यंगचित्र लावले: वाळूत डोके खुपसलेला शहामृग मागच्या मागे सोन्याची अंडी भिरकावतो आहे आणि शहरातले प्रतिष्ठित डॉक्टर ती झेलत आहेत. त्यानंतर शहरातल्या बड्या डॉक्टरांनी त्याला दूर सारले. १९४० मध्ये तो गेला. त्याच्या थडग्यावर दगड बसला २०१४ साली.

रुग्णसुरक्षेच्या व्याख्यानांत कॉडमनला हल्ली पहिले पान मिळते, पण त्याच्या कार्डातला मुख्य भाग वगळून. कार्ड ही माहितीची पेटी नव्हती. आपण चुकलो असू, ही शंका त्यात आधीच छापलेली होती.

पन्नासेक वर्षांनी लॉरेन्स वीड या डॉक्टरने दुसरे टोक धरले. रोग्याच्या फायलीत कागद भरपूर असतात, विचार सापडत नाही, ही त्याची तक्रार. १९६८ च्या लेखात त्याने सुचवले की नोंदी रोग्याच्या अडचणींनुसार लावा, म्हणजे दुसऱ्याला तुमचा तर्क दिसेल आणि तो तपासता येईल. आपल्याकडचे निवासी डॉक्टर रात्री डोळे चोळत जी चार भागांची टिपणे लिहितात, ती त्याचीच देणगी. माणसाच्या डोक्यात एवढे मावत नाही, संगणक लागेल, हेही तो तेव्हाच सांगत होता.

मावत नाही म्हणजे किती मावत नाही, हे इंडियानापोलिसच्या क्लेमंट मॅकडोनल्ड यांनी १९७६ मध्ये दाखवले. रोगी यायच्या आधी संगणक त्याच्या नोंदी चाळून डॉक्टरसाठी कागदावर आठवण छापायचा: अमुक औषध चालू आहे, तमुक तपासणी राहिली आहे. आठवण मिळाली तेव्हा १०० पैकी ५१ प्रसंगी डॉक्टरांनी दखल घेतली, नव्हती तेव्हा २२ प्रसंगी. त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. कागद बंद झाला की तेच डॉक्टर पुन्हा पूर्वपदावर. म्हणजे दोष शिक्षणाचा नव्हता. गर्दीत, घाईत, दिवसातल्या चाळिसाव्या रोग्यापाशी मन जे करते ते करत होते. मॅकडोनल्ड यांनी लेखाच्या शीर्षकातच लिहून टाकले की माणूस निर्दोष होऊ शकत नाही. डॉक्टरी व्यवसायासाठी हे वाक्य संगणकापेक्षा नवे होते.

पुढच्या दशकात गडचिरोलीत, संगणकाचे नावही नसताना, हाच प्रश्न वेगळ्या हातांनी सुटत होता. लहान मुलाला न्यूमोनिया आहे की नाही हे श्वास मोजून ओळखता येते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ, त्याहून मोठ्याचे पन्नास, ही तिथे धरलेली धोक्याची रेषा. पण गावातल्या सुईणींना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हते आणि हातात घड्याळ नव्हते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी एक पाटी केली. तिच्यावर एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, लहान बाळाची वेगळी, मोठ्याची वेगळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला तर न्यूमोनिया, औषध सुरू. गडचिरोलीतल्या न्यूमोनियाच्या या कामाचे निष्कर्ष १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले, तेव्हा ज्या गावांत उपचार पोहोचला तिथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू इतर गावांच्या निम्म्याहून कमी होते.

ती पाटी मला आजच्या कितीतरी सॉफ्टवेअरपेक्षा शहाणी वाटते, आणि हे मी भाबडेपणाने म्हणत नाही. ती एकच प्रश्न विचारते. उत्तर देताना सुईणीची नजर बाळाच्या छातीवरच राहते, कारण श्वास तिलाच मोजायचा असतो. मणी फक्त लक्षात ठेवतात. पाहणे तिच्याकडे, आठवणे पाटीकडे, अशी ही वाटणी. पुढे संगणक आला तेव्हा ही वाटणी नकळत बदलली.

त्याआधी आणखी एक गाठ सुटायची होती. रुग्णालयात कुणी दगावले की आपल्या वर्तमानपत्रांत एक शब्द ठरलेला असतो: हलगर्जीपणा. चूक झाली म्हणजे कुणाचे तरी लक्ष नव्हते, त्याला शोधा, निलंबित करा. अमेरिकेतही वेगळे नव्हते. १९९४ च्या डिसेंबरात बेट्सी लेहमन ही बॉस्टनच्या दैनिकातली आरोग्यविषयक लेखिका नावाजलेल्या कर्करोग रुग्णालयात वारली. चार दिवसांत मिळून द्यायचे औषध तिला चारही दिवस रोज तेवढेच दिले गेले होते. हे लक्षात आले ते दोनेक महिन्यांनी, आणि तेही खाटेजवळच्या कुणाला नव्हे, तर संशोधनाच्या नोंदी तपासणाऱ्या कार्यालयीन माणसाला. त्याच वर्षी बालशल्यविशारद ल्युशियन लीप यांनी लिहिले होते की विमान कंपन्या वैमानिकाला रागावून अपघात टाळत नाहीत. एकट्याची चूक जिवावर बेतणार नाही अशी रचना करतात. १९९९ मध्ये अमेरिकेच्या वैद्यकीय अकादमीच्या अहवालाने अंदाज दिला की तिथल्या रुग्णालयांत दरवर्षी ४४ हजार ते ९८ हजार माणसे टाळता येण्याजोग्या चुकांनी मरतात. आकड्यावर वाद झाला, अजूनही होतो. पण हलगर्जीपणा या शब्दाशेजारी 'रचना' हा शब्द येऊन बसला.

रचना सुधारायची म्हणजे काय, याचे तयार उत्तर होते. बॉस्टनच्याच एका रुग्णालयात डेव्हिड बेट्स आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले होते की औषधे हाताने न लिहिता संगणकात लिहिली तर गंभीर चुका ५५ टक्क्यांनी घटतात. डॉक्टरांचे अक्षर हा आपल्याकडे विनोदाचा विषय. तिथे तो चुकांचे कारण म्हणून पाहिला गेला. आता अक्षर गेले, पडदा आला.

मग पिट्सबर्गच्या बालरुग्णालयाचा २००५ चा अभ्यास छापून आला. दुसरीकडून गंभीर अवस्थेत आणलेल्या मुलांतले मृत्यूंचे प्रमाण संगणक आल्यावर २.८० टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेले होते. कारणे वाचली की अंगावर काटा येतो, कारण ती इतकी घरगुती आहेत. पूर्वी रुग्णवाहिका वाटेत असतानाच डॉक्टर औषधे लिहून ठेवत आणि मूल पोहोचेपर्यंत ती तयार असत. नव्या प्रणालीत मूल दारात येऊन त्याची नोंदणी झाल्याशिवाय औषध लिहिताच येईना. एका औषधाला दहाएक क्लिक, मिनिट-दोन मिनिटे. जो हात मुलाच्या नाडीवर असायचा तो माऊसवर. गंमत म्हणा की दुर्दैव, त्याच कंपनीची प्रणाली सिएटलच्या बालरुग्णालयात बसवली तेव्हा मृत्यू वाढले नाहीत. तिथे तयारी वेगळी होती, पिट्सबर्गच्या चुका समोर होत्या. म्हणजे यंत्र चांगले की वाईट हा प्रश्नच चुकीचा. वॉर्डात माणसे एकमेकांना काय सांगतात, कधी सांगतात, कुणाचा हात कुठे असतो, हे ज्यांना माहीत नव्हते त्यांनी प्रणाली बसवली की ज्यांना माहीत होते त्यांनी, एवढाच काय तो फरक.

आता सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या नर्सकडे परत येऊ. तिला खटकले होते, तरी तिने गोळ्या का दिल्या? तिच्याच विद्यापीठाच्या पाच अतिदक्षता विभागांत त्याच वर्षी एका महिन्यात वाजलेले इशारे मोजले गेले. ते पंचवीस लाखांच्या वर भरले. एवढ्या गलक्यात इशारा झटकणे ही बेफिकिरी राहत नाही, काम करत राहण्याची ती एकमेव रीत होते. डॉक्टरने आणि फार्मसिस्टने तेच केले. आणि नर्सने विचार केला की इतक्या तपासण्यांतून आले आहे, यंत्रही हो म्हणते आहे, मग आपलेच काहीतरी चुकत असेल. बारकोडने गोळी आणि नोंद जुळतात का एवढेच पाहिले होते. नोंद शहाणी आहे का, हे त्याला कुणी विचारलेच नव्हते. पण पडद्यावरचा हिरवा रंग ही बारीक अट सांगत नाही. तो फक्त म्हणतो, चालू द्या.

वाटणी बदलली म्हणालो ती अशी. गडचिरोलीच्या पाटीने आठवण घेतली आणि शंका माणसाकडे ठेवली. पडद्याने दोन्ही घेतले. हल्ली रक्तातला जंतुदोष आधीच ओळखणारी गणिते आली आहेत. मिशिगनमध्ये २०२१ साली अशाच एका, अनेक रुग्णालयांत बसवलेल्या गणिताची तपासणी झाली, तेव्हा तीनांतले दोन रोगी त्याच्या नजरेतून सुटत होते. तरी इशाऱ्यांची भर घालत होतेच.

आपल्याकडे हे सगळे एकदम येते आहे, पन्नास वर्षांचे टप्पे गाळून. २७ सप्टेंबर २०२१ ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले, आणि चौदा आकडी 'आभा' क्रमांक आता केसपेपरच्या खिडकीवर विचारला जातो. कॅरीबॅगेत कोंबलेली फाईल, त्यातले घामाने चिकटलेले एक्स-रे, 'मागचे रिपोर्ट कुठे आहेत' या प्रश्नावर नातेवाइकांची उडणारी धांदल ज्याने पाहिली आहे, तो या क्रमांकाला नावे ठेवणार नाही. मीही ठेवत नाही. पण चर्चा सगळी नोंदी जोडण्याची आहे. नोंदीत काहीतरी विचित्र दिसले तर आशाताईंनी, सिस्टरनी, कंपाउंडरने ते कुठे लिहायचे, याची नाही. आशाताई तर अनेक ठिकाणी वहीही भरतात आणि मोबाईलही.

गेल्या पावसाळ्यात आई आठ दिवस रुग्णालयात होती. मनगटाला पट्टी, पट्टीवर बारकोड. सकाळी सिस्टर आली, पट्टी वाचली, गोळी वाचली, पडदा हिरवा झाला. आईने गोळी हातात घेतली आणि म्हणाली, "सिस्टर, रोज पांढरी असते. आज गुलाबी कशी?"

"मशीनवर बरोबर दाखवतंय, आजी."

"दाखवत असेल गं."

सिस्टरने क्षणभर आईकडे पाहिले, गोळी परत वाटीत टाकली आणि खालच्या फार्मसीला फोन लावला. कुणी उचलेना. पलीकडच्या खाटेवरच्या बाईंचा मुलगा कुरकुरायला लागला, आमचं इंजेक्शन कधी? वीस मिनिटांनी निरोप आला की औषध तेच आहे, कंपनी बदलली. आईने गोळी गिळली.

सिस्टर पडद्यावर नोंद करायला गेली तर आईची ओळ लाल झाली होती. मात्रा उशिरा दिली, कारण निवडा. मी तिच्या खांद्यावरून वाचले: रुग्ण जागेवर नाही. रुग्णाने नकार दिला. औषध उपलब्ध नाही. इतर. तिने यादी एकदा वर, एकदा खाली सरकवून पाहिली, 'इतर'वर बोट ठेवले आणि इंजेक्शनचा ट्रे घेऊन पुढच्या खाटेकडे वळली.